कळलावी

आजी १९९९ साली गेली. पाटल्या, समया, पितळी हंडे ज्यांचे त्यांना मिळाले. तिची वही मात्र कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. लाल कापडी बांधणीची, वाणी हिशेबाला वापरतात तसली लांबट वही. करवंदांच्या लोणच्याचे प्रमाण, हरतालिकेची कहाणी, कुणाच्या मुंजीत काय आहेर केला याची नोंद, त्या वर्षी घरात आलेले भात, आणि या सगळ्याच्या मध्येच कुठेतरी औषधे. चौथी इयत्ता शिकलेल्या बाईचे ठसठशीत बाळबोध अक्षर. ऱ्हस्वदीर्घ चुकते, प्रमाण चुकत नाही.

औषधांतल्या एका पानाला 'अडलेल्या बाईस' असे शीर्षक आहे. खाली सहा ओळी. कोमट एरंडेलाचा हात कमरेस व मांड्यांस. ओवा व बाळंतशेपा यांचे पाणी, घोट घोट. गरम दूध-तूप. वेखंडाची धुरी. आघाड्याचे मूळ केसांत बांधणे व मोकळी होताच तत्क्षणी सोडणे. सहावी ओळ खोडलेली आहे. ते सगळे पान काळ्या शाईत आहे. ही काट निळ्या शाईची, दोनदा मारलेली, आणि इतका जोर देऊन की कागद फाटला आहे. पान उलटून उजेडाकडे धरले की अक्षरे लागतात: कळलावीची मुळी.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने ही वही पाहिली. स्त्रियांच्या ओव्या आणि त्यांतून दिसणारे पारंपरिक ज्ञान हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिने पानन् पान मोबाइलवर टिपले आणि संध्याकाळी फोन केला. "मॅडम, बाळंतपणातल्या वेदनाशामक वनस्पतींची केवढी मोठी परंपरा आहे ही! मी ते पान परिशिष्टात देऊ का?" मी 'बघू' म्हणाले. शिक्षकांच्या 'बघू'चा अर्थ विद्यार्थ्यांना बरोबर कळतो; तिने महिनाभर विषय काढला नाही. मला मात्र तिच्या वाक्यातल्या एका शब्दाने अडवून ठेवले होते. वेदनाशामक. त्या सहा ओळींत वेदना शमवणारे नेमके काय आहे, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

मराठीतल्या बाळंतपणाच्या शब्दांकडे एकदा नीट पाहावे. कळा येतात, वेणा सुरू होतात, बाई अडते, आणि मग ती सुटते किंवा मोकळी होते. गाठ, दावे, दार यांच्या व्यवहारातले हे शब्द. अडणे आणि सुटणे यांच्या दरम्यान जे काही घडते त्याला भाषेने 'सोसणे' हे एक क्रियापद देऊन ठेवले आहे. दाढेची कळ थांबली की माणूस सुस्कारा टाकतो. बाळंतिणीच्या खोलीतून 'कळा थांबल्या' असे वाक्य बाहेर आले तर ओसरीवर बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. दाढ दुखते तेव्हा दुखणे थांबावे म्हणून लवंग धरायची. इथे दुखणे थांबले तर सगळेच थांबले. म्हणून माजघरांतून आणि रानांतून औषधे शोधली गेली, त्यांतली बरीचशी कळ शमवणारी नाहीत, कळ वाढवणारी आहेत. वेदनेतून बाहेर पडायचा एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे ती लवकर संपवणे.

या शोधाचे टोक म्हणजे कळलावी. नावातच सगळे आले. पावसाळ्यात कोकणातल्या गडग्यांवरून, कुंपणांवरून चढत जाणारा हा वेल. पानांच्या टोकांनाच तणावे, आणि पिवळ्याकडून लालभडक होत जाणाऱ्या, उलट्या वळलेल्या पाकळ्यांची ती ज्वाळेसारखी फुले. ज्यांनी एकदा पाहिली ते विसरत नाहीत. कंद नांगराच्या फाळासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. आणि निघंटूंनी दिलेले दुसरे नाव गर्भपातिनी, जे काहीही झाकून ठेवत नाही. मराठीने मात्र 'कळ' या शब्दाचे दोन्ही अर्थ या वेलाला बहाल केले. ती पोटात कळ लावते, तशीच घरातही लावते: कळलावीचे फूल घरात आणले की भांडणे होतात, असे आमच्याकडे सांगत. कळलाव्या नारद आणि कळलावी मुळी यांची ही भाऊबंदकी कोणत्या व्युत्पत्तीने सिद्ध होते ते भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे. मला त्यात एक शहाणपण दिसते. पोरांनी त्या देखण्या फुलाला हात लावू नये म्हणून कुणा बाईने ती समजूत पसरवली असणार. कारण या वेलाच्या सर्वांगात, आणि विशेषेकरून कंदात, कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते. अत्यल्प, मोजलेल्या मात्रेत ते संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून देतात. कंदाचा लहानसा तुकडा पोटात गेला तर आधी काही तास काहीच कळत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि पुढे एकेक अवयव निकामी होत जातो. त्यावर खात्रीचा उतारा दवाखान्यांत आजही सहजी मिळत नाही.

विद्यार्थिनीला काहीतरी उत्तर द्यायचे म्हणून मी चरक-सुश्रुतांची भाषांतरे काढून बसले. वैद्यकातले मला काही कळत नाही; मी ते मजकूर म्हणून वाचले, आणि त्यांनी मला चकित केले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात प्रसूतीचे वर्णन येते. तिथे लांगली आहे, पण हुंगण्याच्या चूर्णात, कोष्ठ, वेलदोडा, वेखंड, चित्रक यांच्या संगतीत. सुश्रुत लांगलीच्या मुळाचा कल्क तळहातांना व तळपायांना लावायला सांगतो, तोही वार पडत नसेल तेव्हा. म्हणजे ही मुळी दोघांनाही ठाऊक होती, आणि या जागी तरी दोघांनीही ती शरीराच्या बाहेरच ठेवली.

त्याहून मी रेंगाळले ते एका वादापाशी. बाईने वेणा सुरू झाल्यावर मुसळ घेऊन उखळात कांडावे, असे काही जण सांगतात, असे चरकसंहिता नोंदवते. आणि आत्रेय ते स्पष्ट नाकारतात. या वेळी बाईचे शरीर आधीच डळमळीत झालेले असते, जोराचा व्यायाम तिच्या जिवावर बेतेल. तिने जांभया द्याव्यात, येरझारा घालाव्यात. कोणा शिष्यांच्या वर्गात हा प्रश्न कधीतरी खरोखरच विचारला गेला असेल. आणि कोणत्या तरी गावात कुणी तरी बाई खरोखरच कांडत उभी राहिली असेल. कळ नसताना जोर करू नये, ते व्यर्थ जाते, असेही तिथे बजावले आहे. आणि वेदनेचे काय? तिच्यासाठी एकच गोष्ट सांगितली आहे: कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या यांना कोमट तेल लावून हलक्या हाताने चोळावे. आजीच्या वहीतली पहिली ओळ. तिला चरक ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

भीतीसाठीही औषध आहे, फक्त ते वनस्पती नाही. बाईच्या भोवती अशा बायका असाव्यात ज्या स्वतः अनेकदा बाळंत झाल्या आहेत, ज्यांची माया आहे, ज्यांना खिन्न होणे ठाऊक नाही आणि क्लेश सोसण्याची सवय आहे. त्यांनी तिच्याशी धीराचे, गोड बोलावे. सुश्रुत अशा चार बायका सांगतो आणि एक अट घालतो: त्यांनी नखे कापलेली असावीत. या एका तपशिलावर माझा फार जीव जडला. इतक्या थोर ग्रंथाने बाईच्या नखांची काळजी वाहिली, म्हणजे तो लिहिणाऱ्याने बाळंतिणीची खोली दाराबाहेरून का होईना, पण लक्ष देऊन पाहिली होती.

आणखी एक फरक. प्रसूतीनंतर पोटात उठणाऱ्या कळांना सुश्रुत 'मक्कल्ल' हे स्वतंत्र नाव देतो आणि त्यांच्यावर यवक्षार तुपातून किंवा गरम पाण्यातून द्यायला सांगतो. नंतरची वेदना हा आजार; तिला नाव आहे, औषध आहे. आधीची वेदना हे काम. कामाला औषध कसले?

हे सगळे इंग्रजीत, अमेरिकेतल्या प्राध्यापकांसमोर पहिल्यांदा मांडणाऱ्यांत आपलीच एक बाई होती. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी बाळंत झालेली, आणि ते मूल दहा दिवसांत गमावलेली ही मुलगी. 'आनंदी गोपाळ' आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो, गोपाळरावांच्या स्वभावावर टिपणे देतो. प्रबंधाचा विषय काय होता हे परीक्षेत कधी विचारल्याचे मला स्मरत नाही.

पश्चिमेकडची कथा निराळ्या दिशेने जाते. तिथे बाळंतपणाची वेदना हा ईश्वरी शाप. म्हणून १८४७ मध्ये एडिंबऱ्याच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा आक्षेपांना तोंड देण्यासाठी त्यांना बायबलच उघडावे लागले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात जॉन स्नो यांच्या हातून तो घेतला आणि प्रतिष्ठितांची कुजबुज कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबुर्ग येथे निघालेली 'सांजनिद्रा' मला अधिक विलक्षण वाटते. अफूपासून काढलेले मॉर्फिन आणि धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींत सापडणारे स्कोपोलामिन यांचे ते मिश्रण. वेदना होत असे, बाई ओरडतही असे. फक्त तिला नंतर ते आठवत नसे. आपल्याकडे हे काम एका वाक्यावर भागवले गेले: बाळाचे तोंड पाहिले की कळा विसरतात. असो.

मी विसरले नाही. १९९३ साली पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात माझी मुलगी जन्मली. आठ खाटांची खोली, मध्ये पडदे. नवऱ्याला, आईला, कुणालाच आत प्रवेश नव्हता. हाताला सलाइन, आणि त्यातून कळा वाढवण्याचे औषध. ऑक्सिटोसिन हा त्यातला घटक माणसाच्या शरीरातही तयार होतो आणि १९५३ साली व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी तो प्रयोगशाळेत घडवला, त्यासाठी त्यांना १९५५चे नोबेल मिळाले, हे मी पुढे वाचले. त्या रात्री मला एवढेच कळत होते की बाटलीतून थेंब पडतो आणि माझ्यात कळ उठते. आजीच्या वहीतली सहावी ओळ, मोजलेल्या थेंबांत. माझ्या बाजूच्या खाटेवरची मुलगी ओरडली की परिचारिका तिला गप्प करत. अकरा तासांत मला एक गोष्ट आठवते जिला मी उपचार म्हणेन. रात्री दोन-अडीचच्या सुमारास एक आया फरशी पुसायला आली. तिने फडके बादलीत टाकले, हात पदराला पुसले आणि माझ्या माकडहाडावर तळवा ठेवून दाबून धरला. तिच्या तोंडाला मिशरीचा वास होता. "दाबून धरलं की बरं वाटतं," म्हणाली. दोन किंवा तीन कळांपुरती ती थांबली असेल. मग कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

डिक-रीड नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी १९३३ मध्ये लिहून ठेवले होते की भीतीने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती. त्यांच्या सिद्धान्तावर पुष्कळ टीका झाली. वेदना ही केवळ भीतीची निर्मिती आहे असे त्यातून सुचते, आणि ते ज्यांनी सोसले त्यांना पटण्यासारखे नाही. पण बाईजवळ सतत कुणी असले तर वेदनाशामकांची गरज कमी पडते आणि प्रसूतीही काहीशी लवकर होते, हे त्यानंतरच्या अनेक चाचण्यांतून निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत हा मुद्दा ठळकपणे आहे. ओवा, शेपा, एरंडेल यांच्याबद्दल इतक्या खात्रीने काही म्हणता येत नाही. एरंडेल पोटात घेतले तर मळमळ मात्र नक्की होते.

आजी त्या रात्री बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होती. ब्याऐंशी वर्षांची बाई रात्रभर बसून राहिली. सकाळी मला खोलीत आणले तेव्हा तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात पाण्यात बुडालेले, काटक्यांच्या पसरलेल्या पंजासारखे काहीतरी. गर्भफूल. अरबस्तानातल्या वाळवंटातली ही लहानशी वनस्पती वाळली की मुठीसारखी मिटते आणि मेलेली असतानाही पाणी लागले की उघडते. बाईच्या उशाशी ती पाण्यात घालून ठेवायची, ती उघडते तशी बाई मोकळी होते, अशी समजूत. अरबीत तिला कफ मरियम म्हणतात, मरियमचा तळहात. राजापूरच्या मोहल्ल्यातल्या, आजीच्या ओळखीच्या एका घरात हजहून आलेले ते होते. १९५९ साली आजीने ते मागून घेतले, आणि पुढे गावातल्या बायकांच्या बाळंतपणांसाठी ते घरोघर फिरले. हिंदू घरांतही, मुसलमान घरांतही. एकाच वाळलेल्या मुठीने तीस-पस्तीस वर्षे उघडमीट केली.

मी तेव्हा नव्याने प्राध्यापक झालेली, शास्त्रीय दृष्टी वगैरे अंगात भिनलेली. म्हणाले, "आजी, ते पाण्यात घातलं की उघडणारच. माझ्याशी त्याचा काय संबंध?"

ती म्हणाली, "उघडतंच ते, बाय. कधीही घाल, उघडतंच. म्हणून तर ठेवायचं."

मी तेव्हा हसले होते. तिच्या वाक्यातला 'म्हणून तर' मला समजायला बरीच वर्षे लागली. अडलेल्या बाईसमोर अशी एक गोष्ट ठेवायची जी खात्रीने उघडते. पोटात काही द्यायचे नाही, अंगाला काही लावायचे नाही, नुसते पाहायचे.

१९५९ हे साल मी वर लिहिले, ते मला धाकट्या आत्याकडून कळले. तिच्याकडे मी गेल्या वर्षी मुद्दाम गेले, वहीतली काट तिला दाखवायला. ती आता ऐंशीची आहे, डोंबिवलीला लेकाकडे असते. त्यापूर्वी मला एवढेच माहीत होते की थोरली आत्या १९५७च्या जुलैत, पहिल्या बाळंतपणात, माहेरीच गेली. अर्जुना नदीला पूर होता, डॉक्टर पलीकडे राजापुरात, होडी बंद. दोन दिवस अडली आणि तिसऱ्या दिवशी गेली, मूलही गेले. गावात सांगत की सुईणीने मारली. भलतेच काहीतरी दिले म्हणे. त्यानंतर त्या सुईणीला आमच्या घरी, आणि हळूहळू गावातही, कुणी बोलावले नाही.

माझ्या बाळंतपणानंतर आजी सव्वा महिना माझ्याकडे होती. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा, सगळे तिच्या हातचे. एका दुपारी अंगाला तेल लावून घेताना मी तिला त्या ओळीबद्दल विचारले होते. तिचा हात थांबला नाही. "लावली होती," म्हणाली. "बेंबीला लावली, तळपायांना लावली. पोटात नव्हती दिली." थोड्या वेळाने पुन्हा, "पोटात नव्हती दिली." मी पोटात दिली का असे विचारलेच नव्हते. तिने तिसऱ्यांदा ते म्हटले तेव्हा मी विषय बदलला.

धाकटी आत्या त्या वेळी बारा वर्षांची होती. तिला दारात उभे केले होते, पाणी आणायला, बादल्या न्यायला. वही पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रात्रभर ओकत होती गं ती. मी बादल्या ओतून दमले." बाळंतपणात बायकांना उलट्या होतात, दोन दिवस अडलेल्या बाईला तर होतातच, कळलावी पोटात गेली तरी पहिले लक्षण तेच. यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि आता होणारही नाही. पुढचे जे तिने सांगितले ते मात्र मला ठाऊक नव्हते.

सुईण आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तिने पोटावर हात ठेवला, बराच वेळ चाचपले, आणि म्हणाली की मूल आडवे आहे. कळ वाढवून उपयोग नाही, वाढवाल तर पोट फुटेल. हिला पलीकडे न्या, पाट्यावर घालून न्या, पण न्या. पूर पाहून कुणी हलले नाही. तेव्हा आजीने वही काढली. मुळी घरातच होती, डब्यात. "आईनेच उगाळली," आत्या म्हणाली. "म्हातारी नको नको म्हणत होती. आईने ऐकलं नाही. सकाळी थोरली गेली, आणि म्हातारी अंगणातून खाली मान घालून निघून गेली. लोक बोलायला लागले तेव्हा आई काहीच बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही."

मी लोकलने परत येताना मांडीवर ती वही होती. राय धान्यावर येणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीची हकिगत मला आठवत होती. युरोपातल्या सुइणी ती कळा वाढवण्यासाठी वापरत. १८०८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन स्टर्न्स यांनी तिच्याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले, आणि ती इतक्या उत्साहाने वापरली गेली की मृत जन्मलेल्या मुलांची संख्या पाहून न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी १८२०च्या दशकात तिला प्रसूतीचे नव्हे, मृत्यूचे चूर्ण म्हटले. मूल बाहेर येण्याची वाट मोकळी नसताना कळ वाढवली की काय होते, हे तिथल्या डॉक्टरांना प्रेते मोजून कळले. त्याच अर्गटमधून १९३५ मध्ये वेगळे काढलेले अर्गोमेट्रिन प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरले जाऊ लागले आणि त्याने असंख्य बायका वाचवल्या. तीच बुरशी, फरक केव्हा द्यायचे याचा, आणि कधी द्यायचे नाही याचा.

आमच्या गावातल्या त्या म्हाताऱ्या बाईला हा फरक हाताने कळत होता. तो वहीत नाही. वहीत मुळी आहे, कारण मुळी लिहिता येते: नाव, कुठे लावायची, केव्हा सोडायची. पोटावर ठेवलेल्या तळव्याला काय लागले आणि त्यावरून तिने काय नको म्हटले, हे आजीला लिहिता आले नसते. सुईणीला अक्षरच येत नव्हते. त्या सहा ओळी आजीने लिहिल्या असल्या तरी बहुतेक त्या सुईणीच्याच तोंडच्या असाव्यात. दुसरीकडून येणार कुठून? तिच्याकडून ऐकले ते काळ्या शाईत उतरले, आणि तिने अडवले ते उतरलेच नाही. माझी विद्यार्थिनी जिला परंपरा म्हणते, आणि जी मीही वीस वर्षे वर्गात जरा गहिवरून सांगत आले, ती अशी हातची सुटून वहीत आलेली आहे. सुशिक्षित घरातल्या बाईच्या अक्षरात.

आजीवर मी राग धरू शकत नाही. शेहेचाळीसएक वर्षांची ती बाई, आत लेक ओरडते आहे, नदी दिसते आहे, आणि हातात एकच गोष्ट आहे. पण निळ्या शाईने ओळ खोडणे आणि अंगणात उभे राहून गावाला खरे सांगणे या दोहोंतली पहिली गोष्ट तिने केली, दुसरी केली नाही. आणि पुढची कित्येक वर्षे ती गर्भफूल घेऊन घरोघर जात राहिली.

मागच्या आठवड्यात विद्यार्थिनी घरी आली. मी तिला हे सगळे सांगितले; माझ्यापेक्षा शांतपणे तिने ते ऐकून घेतले. पान परिशिष्टात द्यायचे, खोडलेल्या ओळीसकट द्यायचे, त्याला 'वेदनाशामक' म्हणायचे नाही, कळलावी विषारी आहे हे त्याच पानावर छापायचे, आणि खाली सुईणीने काय सांगितले होते ते लिहायचे, असे ठरले. तिने वहीत टिपून घेतले. मग पेन थांबवून विचारले, "मॅडम, त्यांचं नाव काय लिहू?"

मी तिथूनच डोंबिवलीला फोन लावला. आत्या बराच वेळ आठवत राहिली. नदीकाठचे घर आठवले, घरापुढचा शेवगा आठवला, तिचा एक मुलगा मुंबईला गिरणीत होता तेही आठवले.

"नाव नाही गं आठवत," ती म्हणाली. "आम्ही म्हातारीच म्हणायचो."